घरपत्र काढताना

या सदरात आजवर आम्ही भाताच्या कोठीस लागणाऱ्या किडीपासून मुलांच्या अक्षरापर्यंत अनेक विषयांवर लिहिले. परंतु गेल्या महिन्यात हुबळीहून एका भगिनींचे जे पत्र आले, त्यातील प्रश्न आम्हांस पूर्वी कोणी विचारला नव्हता. त्या लिहितात, “आमचे घराणे तीन पिढ्या इकडे आहे. घरात मराठी बोलतात, लिहीत मात्र कोणी नाही. दर महिन्यास स्वतःचे असे काही लिहावे आणि आप्तेष्टांस पाठवावे असे फार मनात आहे. दोनदा आरंभ केला आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात ते बंद पडले. कसे करावे?”

प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण असे एक पत्र आम्ही स्वतः काढतो. २००६ सालच्या त्रिपुरारी पौर्णिमेस कारापुरातील आमच्या ओसरीवर बसून त्याचा पहिला अंक लिहिला. त्यास आम्ही ‘घरपत्र’ म्हणतो, आणि ते दर पौर्णिमेस निघते. २०२५ सालच्या त्रिपुरारीस त्याला १९ वर्षे झाली. पंचांग उघडून मोजले तर १९ वर्षांत पौर्णिमा भरतात २३५. त्यांपैकी नऊ आमच्या हातून चुकल्या. त्या का चुकल्या हे सांगितले, तर हुबळीच्या भगिनींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच येईल.

ज्या वाचकांनी आमचे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, कारापूर हे गोव्याच्या डिचोली तालुक्यात वाळवंटी नदीच्या काठी आहे. पलीकडे साखळीचा बाजार, अलीकडे विठ्ठलापूरचे विठ्ठलमंदिर. त्रिपुरारीच्या रात्री येथे सजवलेल्या होड्या पाण्यात सोडतात, आणि त्या पाहावयास दूरदूरची माणसे काठावर गर्दी करतात. त्या रात्री आमच्या घरचे जे कोणी बडोद्यास, बेळगावास, पुण्यास किंवा मस्कतला असते, त्यास गावाची आठवण हटकून येते. म्हणून आरंभास तोच दिवस निवडला.

पहिला अंक सोळा पानांचा होता! त्यात संपादकीय होते, आजोबांचे चरित्र होते, दोन कविता, शब्दकोडे, पाककृती, आरोग्यविषयक सल्ला आणि घरातील बाळगोपाळांची चित्रे होती. मुखपृष्ठावर नदीचे रंगीत चित्र काढण्यातच तीन संध्याकाळी गेल्या. अंक सर्वांस आवडला. दुसरा अंक बारा पानांचा निघाला, तिसऱ्यास चाळीस दिवस लागले, आणि पुढच्या चार पौर्णिमा नुसत्याच उगवल्या व मावळल्या. नवांपैकी चार अशा गेल्या. असली पत्रे मजकूर नसल्याने बंद पडतात असे लोक म्हणतात. आमचा अनुभव असा की पहिल्या अंकाचा थाट त्यांना बुडवितो. एखाद्याने संसाराच्या पहिल्याच दिवशी पन्नास पानांची पंगत बसवावी आणि मग रोज तेवढीच वाढण्याचा पण करावा, त्यातला हा प्रकार झाला.

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्ही फुलस्केपचा एकच कागद घेतला. पुढून आणि मागून लिहून जेवढे मावेल तेवढे. उरलेले पुढच्या पौर्णिमेस. ही मर्यादा आजतागायत मोडलेली नाही.

एकट्याने नियतकालिक चालविण्याची आपल्या भाषेतील थोर उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीचा. १८८२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचा आवाका कळतो. आम्ही त्यांची बरोबरी करण्यास निघालेलो नाही. पण त्यांची एक रीत कोणासही उचलता येईल. अंकात सगळे काही असले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. एक विषय घेतला की तो संपेपर्यंत अंकामागून अंक तोच चालवावा, असे त्यांनी पुष्कळदा केले. घरपत्रातही हे साधते. आमच्या जुन्या विहिरीची हकीकत आम्ही सलग चार पौर्णिमा लिहिली, आणि चौथ्या अंकापर्यंत बेळगावच्या काकांनी स्वतः होऊन दोन पाने माहिती लिहून पाठविली होती.

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना त्यांच्याकडे वसतिगृहाचीही जबाबदारी होती. तेथील मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढीत. वाचक किती, तर वसतिगृहात राहणारी मुले तेवढी! पुढे महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले त्या लेखकाची लेखणी रोज सकाळी या मूठभर मुलांसाठी झिजत होती. वाचक थोडे आहेत म्हणून ज्यांना आरंभीच संकोच वाटतो, त्यांनी हे आठवावे. घरपत्राचे वाचक आरंभी सात घरे होती. आज एकतीस आहेत. सातांच्या वेळी जे लिहिले ते एकतिसांच्या वेळेपेक्षा उणे होते असे आम्हांस वाटत नाही. किंबहुना थोडे अधिक मोकळेच होते.

आणि तिसरे उदाहरण तर आमच्या शेजारचे. पेडण्याच्या हद्दीवर तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडे फार दूर नाही. तेथे १९२० पासून १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर मास्तर होते. शाळेचे काम सांभाळून ते सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकात सदरे लिहीत. आडगावच्या शाळेतील मास्तरास लिहावयास विषय तो काय मिळणार, असे कोणी म्हटले असते. पण ठरलेल्या दिवशी मजकूर द्यावयाचा असला, म्हणजे डोळे आपोआप उघडे राहतात. आमचे असे ठाम मत झाले आहे की लिहिण्याची स्फूर्ती आधी व दिवस मागाहून, हा क्रम उलटा आहे. दिवस ठरवावा. तो तारखेने ठरवा, तिथीने ठरवा, नाहीतर महिन्याच्या पहिल्या रविवारी असे ठरवा, पण घरातील सर्वांस तो ठाऊक असू द्या, म्हणजे “या वेळचे पत्र अजून कसे आले नाही?” असे विचारणारे कोणीतरी निघते. आम्ही पौर्णिमा धरली, कारण ती आकाशात दिसते आणि विसरता येत नाही. अधिक मास आला की एक पत्र जास्तीचे पडते, एवढाच काय तो भुर्दंड.

आता काय लिहावे? येथे आमचा सल्ला थोडा कडक वाटेल. वृत्तपत्रात जे येते ते घरपत्रात लिहू नये. सुविचार, दुसऱ्यांच्या कविता, भ्रमणध्वनीवर सकाळ-संध्याकाळ येऊन आदळणारे निनावी बोधपर उतारे यांना कागदावर जागा देऊ नये. एक तर ते सर्वांकडे आधीच पोहोचलेले असतात. दुसरे असे की, आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, तेव्हा आवडलेली अख्खी कविता उतरवून वाटणे रीतीसही धरून नाही. आणि खरे कारण तिसरेच आहे. जे आपण लिहिले नाही तर दुसरे कोणीही लिहिणार नाही, त्यासाठी हा एक कागद राखून ठेवावयाचा आहे.

एक उदाहरण देतो. १० सप्टेंबर २०१२ रोजी गोवा सरकारने राज्यातील लोहखनिजाच्या खाणींचे काम थांबविले. आमचा तालुका खाणींचा. दुसऱ्या दिवशी सर्व वृत्तपत्रांत टनांचे आणि कोटींचे आकडे आले. ते आजही कोणासही शोधून सापडतील. आमच्या त्या महिन्याच्या पत्रात आकडा एकही नव्हता. तिस्कावरील चहावाल्याने दुधाचा रतीब निम्म्यावर आणला, हे लिहिले होते. दोरीवर वाळत घातलेली धोतरे प्रथमच संध्याकाळपर्यंत पांढरी राहिली आणि वहिनींना त्याचा आनंद झाला, हे लिहिले होते. ज्यांनी नुकताच कर्जाने ट्रक घेतला होता ते एक शेजारी रोज ओसरीवर येऊन बसत. ते आठ दिवसांत आले नाहीत, हेही लिहिले होते, नाव न देता. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा मस्कतच्या भाच्याने हे जुने पत्र काढून वाचले आणि कळविले की, तेव्हा घरी नेमके काय झाले होते हे त्यास प्रथमच समजले. स्वच्छ धोतर आणि रिकामी ओसरी या दोन गोष्टी एका घरात एकाच आठवड्यात घडल्या, हे कोणत्या वर्तमानपत्राने छापले असते?

भाषेविषयी फार भिण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतील श्रेष्ठ आत्मकथनांत गणली जातात. बोलतो तसे लिहावे. आमच्या पत्रात पोदेर, कुळागर, माटोळी हे शब्द जसेच्या तसे येतात. पुण्याच्या सूनबाई त्यांचे अर्थ विचारतात आणि पुढच्या अंकात आम्ही ते देतो. हुबळीकरांनीही आपल्या बोलण्यातील कानडी शब्द गाळू नयेत. तीन पिढ्यांचा शेजार आहे तो! शुद्धलेखन मात्र एकदा कोणाकडून तरी तपासून घ्यावे.

आता त्या राहिलेल्या पाच पौर्णिमांची गोष्ट. ती सांगणे सुखाचे नाही, पण तिच्यावाचून हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आमच्या एक वृद्ध आत्याबाई आमच्या पत्राच्या सर्वांत जुन्या वाचक आणि सर्वांत मोठा आधार होत्या. वाळवंटीच्या काठच्या प्रत्येक शेताला पूर्वी वेगळे नाव होते. त्या नावांची यादी आणि त्यांमागच्या हकीकती त्या आम्हांस सांगत, आणि आम्ही दर पौर्णिमेस एकेक शेत लिहीत असू. अकरा शेते झाली होती. बाराव्या खेपेस आत्याबाईंना एक नाव आठवेना; त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या आणि मग त्यांनी आमच्या वडिलांच्या नावाने आम्हांस हाक मारली. आम्हांस ते इतके हृद्य वाटले की त्या महिन्याच्या पत्रात तेच लिहिले. लिहिले चांगले, असे तेव्हा वाटले होते. बडोद्याहून, बेळगावहून सहानुभूतीची उत्तरे आली. आत्याबाईंकडून मात्र आमचा कागदच परत आला. त्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात एवढेच होते : “मला विचारले असते तर बरे झाले असते.”

त्या रागावल्या नाहीत. जाण्यायेण्यात, खाण्यापिण्यात काही अंतर पडले नाही. पण शेतांचा विषय काढला की त्या म्हणत, “आता मला काय आठवतेय!” आणि दुसरे बोलू लागत. आम्ही लाजेने पाच महिने लेखणी उचलली नाही. वर्षाच्या आत आत्याबाई गेल्या. उरलेल्या शेतांची नावे आज गावात कोणास सांगता येत नाहीत, विचारून पाहिले.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. ज्याच्याविषयी लिहिले त्यास तो मजकूर आधी वाचून दाखवावयाचा आणि तो ‘नको’ म्हणाला तर कारण न विचारता खोडावयाचा. दुखणी, कर्जे, मोडलेली लग्ने, परीक्षेतील अपयश हे विषय त्या माणसाने स्वतः होऊन सांगितल्यावाचून येत नाहीत. लहान मुलांविषयी लिहितानाही हेच धोरण. आज जे बोबडे बोल म्हणून कौतुकाने लिहू, ते दहा वर्षांनी त्या मुलास चिडविण्याचे साधन होते. आणि ज्यांच्यापाशी जुने सांगण्यासारखे आहे, त्यांचे आधी सर्व उतरवून घ्यावे, दर महिन्यास एक अशी चंगळ करू नये. उतरवून घेतलेले नंतर सावकाश छापता येते.

ही घाई आम्हांस विशेष वाटते याला गोव्याचे एक कारण आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये याच भूमीवर, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात आला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमी लिपीत. पण छापखाना असणे वेगळे आणि मोकळेपणी लिहिता येणे वेगळे. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ साली केप्यासारख्या लहान गावातून ‘भारत’ काढले आणि त्यापायी कोर्टकचेऱ्या सोसल्या. पुढे सालाझारच्या अमदानीत तर लग्नाच्या निमंत्रणपत्रिकादेखील छापण्यापूर्वी सरकारी तपासनीसास दाखवाव्या लागत. अशा काळात घरातील मोठी माणसे कागदावर काही ठेवण्यास कचरत. आमच्या घरी १९६१ पूर्वीचे जे कागद आहेत ते जवळजवळ सर्व जमाखर्चाचे. नारळ किती उतरले हे कळते. पणजी कशी हसत असे हे कळत नाही.

आज मुभा आहे. कायद्याचे एवढेच ध्यानात ठेवावे की, पत्र आप्तांपुरते न ठेवता सार्वजनिक घडामोडी व त्यांवरील मते छापून सर्वांस वाटावयाची किंवा विकावयाची असतील, तर नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा पाहावा लागतो. तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. घरपत्राचा तो मार्ग नव्हे.

आता कागद आणि शाई. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने कागदाचे वैरी. फौंटनपेनच्या साध्या निळ्या शाईवर ओला हात लागला की अक्षर वाहते. बॉलपेन अधिक टिकते, आणि शिसपेन तर त्याहूनही इमानी. मूळ प्रत आम्ही चांगल्या जाड कागदावर लिहितो व साखळीच्या बाजारात तिच्या झेरॉक्स प्रती काढतो. वर्तमानपत्री कागद कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो काही वर्षांतच पिवळा पडून तुटतो. डाव्या बाजूस दीड इंच समास सोडावा, म्हणजे वर्षाचे अंक दोऱ्याने शिवता येतात. टाचणी वा पिना लावू नयेत. गंजून कागद खातात. झेरॉक्सची पाने प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवली की अक्षरे प्लॅस्टिकला चिकटून येतात, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. जुन्या दप्तरांप्रमाणे सुती कापडाचा रुमाल बांधावा आणि तो वाळवीपासून दूर, भिंतीला न टेकणाऱ्या फळीवर ठेवावा. दुसरा संच दुसऱ्या गावी असू द्या. आमचा बेळगावला आहे.

प्रत्येक अंकावर क्रमांक, गाव, तिथी आणि पूर्ण साल घालावे. ‘गेल्या चतुर्थीस ताई आली होती’ हे वाक्य आज सर्वांस कळते. वीस वर्षांनी कोणती चतुर्थी आणि कोणाची ताई, हे कोणी सांगावे? एका घरची ताई ती दुसऱ्या घरची मावशी असते. वर्षातून एकदा तरी माणसांची पूर्ण नावे नात्यांसह लिहून काढावीत.

परगावच्या मुलांना देवनागरी वाचण्याचा सराव कमी असतो. बडोद्याची मुले गुजराती सहज वाचतात, मराठीत जोडाक्षर आले की अडतात. त्यांच्यासाठी मागच्या पानाचा एक कोपरा मोठ्या अक्षरांत लिहितो : सहा ओळी, जोडाक्षरे शक्य तितकी कमी, आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचे उत्तर त्यांनी मराठीतच लिहून पाठवावयाचे. एकतीस घरांतून दर खेपेस चार-पाच उत्तरे येतात. हे प्रमाण वाईट नाही. पत्राचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर मागणारेही आहेत, त्यांना तेही पाठवितो. परंतु वडीलधारी मंडळी टपालाचाच कागद हातात धरून, उन्हाकडे करून वाचतात, आणि त्यांच्यासाठी अक्षर मोठे काढावे लागते.

हुबळीच्या भगिनींनी पहिला अंक एका कागदाचा काढावा आणि एक प्रत आम्हांस धाडावी. मुखपृष्ठ नको. आमचे पुढचे पत्र अजून लिहावयाचे आहे, पौर्णिमेस सहाच दिवस उरले आहेत, आणि कुळागरात रात्री रानडुकरांनी काय धुमाकूळ घातला ते त्यात घेण्यास शेजाऱ्यांनी आज सकाळीच संमती दिली आहे.